भिंतीच्या आतलं नाव

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात मोरे-सॅं-देनी नावाचं गाव आहे. तिथे दगडी भिंतीच्या आत साडेसात हेक्टरची एक द्राक्षबाग आहे, क्लो द तार. तिच्यातल्या पिनो न्वार जातीच्या द्राक्षांपासून रेड वाइन होते. मी ती चाखलेली नाही. एका बाटलीच्या किमतीत माझ्या पुण्यातल्या फ्लॅटचं महिन्याचं भाडं निघेल. तरी गेले काही महिने मी या बागेबद्दल मिळेल ते वाचतोय, कारण आमची निफाड तालुक्यातली तीन एकर बाग आबा विकतायत.

क्लो द तारबद्दल कुठेही वाचा, एक वाक्य येतंच: जवळपास नऊशे वर्षांत फक्त चार मालक. 1141 मध्ये तार इथल्या मठातल्या जोगिणींनी ती घेतली. 1791 मध्ये ती मारे कुटुंबाकडे गेली, 1932 मध्ये मोमेसाँ कुटुंबाकडे. 2017 मध्ये ती फ्रांस्वा पिनो यांच्या आर्तेमिस या कंपनीने विकत घेतली. बोर्दोमधलं शातो लातूरही त्यांच्याकडे 1993 पासून आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाक्य भुरळ घालतं. जणू एखादा सर्व्हर नऊशे वर्षांत तीनदाच रीस्टार्ट झालाय. पण त्या तीनांतलं पहिलं हस्तांतरण व्यवहार नव्हताच. क्रांतीनंतर सरकारने चर्चच्या मालमत्ता जप्त करून विकायला काढल्या, त्यात ही बाग गेली. जोगिणींना कुणी विचारलं नाही. ‘चार मालक’ या शब्दांत ते अलगद झाकलं जातं.

मग नऊशे वर्षं टिकलं काय? वेली तर नाहीत. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या बागांची मुळं खाल्ली, तेव्हापासून तिथे अमेरिकन खुंटावर कलम करतात. आमच्याकडेही थॉमसन डॉगरिजच्या खुंटावरच उभी आहे, आणि डॉगरिजही मूळचा अमेरिकेतलाच. सगळे भाग बदलले तर जहाज तेच का, हा कोडेबाज प्रश्न कॉलेजात आम्ही रात्र-रात्र घोळवायचो. आता तो मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. मी ज्या प्रॉडक्टवर काम करतो त्यात पहिल्या वर्षीची एक ओळही उरली नसेल, आणि त्याने कुणाचं बिघडलेलं नाही.

बिघडतं ते नावापाशी. नाव म्हणजे शब्द दिलेला असतो. देणारा निघून गेला की तो कुणी पाळायचा? फ्रान्सने यावर एक उत्तर काढलंय: तिथल्या कायद्याने हे नाव त्या जमिनीला बांधलेलं आहे. पिनोंनी उद्या शेजारची टेकडी घेतली तरी तिथल्या द्राक्षांच्या वाइनवर ते ‘क्लो द तार’ लिहू शकत नाहीत. मालकाने बाग घेतली, पण नाव भिंतीबाहेर न्यायची मुभा त्याला मिळाली नाही. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आमच्या पेटीवर आजोबांचं नाव आहे. नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाशिकच्या नावाला. आजोबांच्या नावाला भिंत नाही. घेणाऱ्याने आबांना विचारलं, पेट्यांवर तेच नाव चालू ठेवू का? व्यापारी ओळखतात म्हणे. आबा खूश झाले. मी म्हटलं, उद्या तो दुसरीकडचा माल त्याच नावाने भरेल. आबा म्हणाले, “अरे, नाव राहतंय हे काय कमी आहे?”

त्या रात्री मी जरा चढ्या आवाजात बोललो. नंतर कळलं की मीही फक्त नावाचाच हिशेब करत होतो. ते नाव व्यापाऱ्यांकडे चालतं ते मणी सारखे आणि घड सुटसुटीत असतात म्हणून. ते आजोबांनी केलेलं नाही, मी तर नाहीच नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डिपिंग, विरळणी, हे गेली पंधरा वर्षं सुरगाण्याहून येणारी एकच टोळी करते. कुठली काडी ठेवायची हे त्यांच्या कात्रीला कळतं. क्लो द तारच्या चार मालकांच्या यादीतही कात्री धरणारं कुणी नाही, हे मी इतके दिवस वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घेणाऱ्याची स्वतःची माणसं आहेत. मी आबांना म्हटलं, निदान दोन हंगाम हीच टोळी राहील अशी अट घालू. आबा म्हणाले, “मी जमीन विकतोय, माणसं नाही.” याला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही. माणसं आपली नसतातच, मग त्यांच्या वतीने अट घालणारा मी कोण? पण त्यांच्या हातांनी मिळवलेल्या नावाचे पैसे मात्र आपण घेतोय, आणि त्या वेळी ते ‘आपलं’ असतं.

खरेदीखत पुढच्या महिन्यात आहे. संमतीसाठी माझी सही लागणार आहे. परवा मुकादमाचा फोन आला. आबांनी उचलला नाही म्हणून मला लावला होता.

“भाऊ, ऑक्टोबरला किती माणसं आणू? आत्ताच बोलून ठेवायला लागतंय.”

त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मी म्हटलं, शनिवारी गावी येतोय, तेव्हा भेटू.