कोंबडीचे ऋण

वाघ कोंबडीच्या दुखण्याने मरतो, अशी गोष्ट लहानपणी कोणी सांगितली असती तर आम्ही मुले खो खो हसलो असतो. पण डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि तपासणीत निघाला तो बर्ड फ्लू! बातमी वाचून नातीने विचारले, "आजोबा, आता सगळ्या कोंबड्या मारून टाकतील का हो?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून हलेना.

कारण तसे आपण केलेले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे हा रोग भारतातल्या कोंबड्यांत प्रथम आढळला. लाखो पक्षी मारून पुरण्यात आले. केवळ आजारीच नव्हेत, तर आसपासचे धडधाकटही. आदिवासींच्या दारातल्या चार-दोन कोंबड्याही त्यांत गेल्या. पोल्ट्रीवाल्याची कोंबडी हिशेबाच्या वहीत असते. झोपडीतली कोंबडी म्हणजे अडीनडीची शिल्लक आणि आल्या पाहुण्याचा मान. भरपाई द्यायची झाली तरी ती पक्षी मोजूनच देणार. मान कसा मोजणार?

मग मारणे चुकले काय? तसे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. १९९७ साली हाँगकाँगमध्ये हा विषाणू माणसांत शिरला. अठरा जणांना बाधा झाली, सहा दगावले. तेथल्या दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या, तेव्हा तो उद्रेक थांबला. २००३ पासून जगात नऊशेहून अधिक माणसांना एच५एन१ची बाधा झाल्याची नोंद आहे. त्यांतली जवळजवळ निम्मी गेली. माणसापासून माणसाला तो अजून सहजी लागत नाही, हे आपले नशीब. पण जितक्या नव्या अंगांत तो वाढेल, तितकी त्याला रूप पालटण्याची संधी. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर हत्ती-सीलची हजारो पिल्ले त्याने मारली. २०२४ मध्ये तो अमेरिकेतल्या दुभत्या गाईंपर्यंत पोचला.

तेव्हा कधी मारावे लागेल, हे खरे. पण लागले म्हणून आपण ऋणमुक्त होत नाही. रानबदकांच्या पोटात असले विषाणू बहुधा निमूटपणे नांदतात. त्यांना उग्र रूप येते ते कोंबड्यांच्या गर्दीत. ती गर्दी जमवली कोणी? स्वस्त अंडे मागणाऱ्या आपण सर्वांनी. त्यांत माझे सकाळचे आम्लेटही आले.

हे ऋण फेडायचे तर दोन गोष्टी हव्यात. खुराड्यातली दाटी कमी व्हावी, त्यासाठी अंडे चार पैसे महाग पडले तरी चालेल. आणि जिची कोंबडी आपल्या रक्षणासाठी मारली, त्या बाईच्या हाती योग्य भरपाई वेळेवर पडावी. ती न पडली तर पुढच्या खेपेस ती आजारी कोंबडी लपवील, आणि तिला दोष देण्याचे तोंड आपल्याला उरणार नाही.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. कोंबडीच्या वाट्याला अशी एकही तिथी नाही. नसो बापडी. यंदा नातीला मी तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर देणार आहे, एवढे मात्र ठरवले आहे.