जाणकार कोणाला म्हणायचं?

बोईसर-तारापूर भागात अन्नप्रक्रियेच्या कामात असल्यामुळे पेटंटचा अर्ज करण्याआधी काही जण माझं मत विचारतात. बहुतेक वेळा मासळी किंवा चिकू सुकवून टिकवण्याची एखादी रीत असते. १९७० च्या पेटंट कायद्याची कसोटी स्पष्ट आहे : त्या क्षेत्रातल्या जाणकाराला जे सहज सुचलं असतं, त्याला पेटंट नाही.

पण हा जाणकार कोण? मनात आधी पदवीधर तंत्रज्ञ उभा राहतो. सातपाटीपासून डहाणूपर्यंत मासळी सुकवणाऱ्या कोळणी त्या जागी का उभ्या राहत नाहीत, हे मला स्वतःला विचारावं लागतं. बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने ते दोरीवर टांगायचे, म्हणजे वारा सगळीकडून लागतो. ही रीत कोणत्याही शोधनिबंधाइतकीच पूर्वज्ञान आहे. कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारतं, ते याचसाठी.

उलट बाजूची भीतीही तितकीच खरी. उत्तर हाती आलं की कुठलाही शोध सोपा वाटतो, आणि ही मासळी लहानपणापासून पाहिलेल्या मला तर ‘यात नवं काय’ असं फारच पटकन वाटतं. क्लॅरेन्स बर्ड्सआयने लॅब्राडॉरमध्ये इन्युइट लोकांचे मासे कडाक्याच्या थंडीत झटकन गोठताना पाहिले आणि पुढे १९३० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं. झटपट गोठवण्याचं ज्ञान इन्युइटांचंच होतं. पाकिटात भरलेलं अन्न थंड धातूच्या पाट्यांमध्ये दाबून गोठवणं, ही भर मात्र त्याची. मीही तसंच पाहायला हवं : किनाऱ्याला ठाऊक असलेलं वजा केलं, तर शिल्लक काय राहतं?

मिठाच्या पाण्यात बुडवणं आणि गरम हवेच्या बोगद्यात सुकवणं एकापुढे एक जोडलं, तर माझ्या मते काहीच शिल्लक राहत नाही. दोन्ही आपापलं जुनंच काम करतात. पण हवा फार तापली की वरचा थर कडक होतो आणि ओल आत अडकते. ही अडचण कोणी अनपेक्षित मार्गाने सोडवली असेल, तर तिथे मी थांबून विचार केला पाहिजे.

खरा कस वेगळाच आहे. अर्जदार ओळखीचा, कर्ज काढून कारखाना उभा केलेला असला की मन होकाराकडे झुकतं. मोठी कंपनी असली की नकाराकडे. होकार दिला तर पुढचं कामही मिळतं, हे मी जाणतो. म्हणून अर्जदाराचं नाव झाकूनच कागद वाचावा, असं माझं ठाम मत आहे. पेटंट म्हणजे २० वर्षांचा मक्ता. तो ओळखीवर देता येत नाही.

मच्छीमार संस्थांना आणि महिला बचत गटांना माझी विनंती आहे : आपल्या सुकवण्या-खारवण्याच्या रीती तारखेसह लिहून, छायाचित्रांसह प्रसिद्ध करा. कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही लेखी विरोध नोंदवू शकतो, आणि तेव्हा हाच कागद पुरावा म्हणून लागतो.