आधार घेऊन केलेले स्नान

पाय अधू झाले, हाती काठी आली, तरी पहाटेचे स्नान सुटू नये असे वृद्ध वारकऱ्यांना वाटते, वाटावेच. पण खुर्चीवर बसून, भिंतीतला दांडा धरून, सुनेला किंवा लेकाला दाराशी उभे करून केलेले स्नान कमी प्रतीचे का, अशी शंका पुष्कळांच्या मनात असते.

पूर्वपक्ष असा: स्नान म्हणजे शुद्धी, तिथे दुसऱ्याचा आधार आला की नेम कसला राहिला? याचे उत्तर धर्मशास्त्रानेच देऊन ठेवले आहे. त्याने स्नाने सात मोजली. पाण्याचे वारुण स्नान त्यांतले एक. मंत्रस्नान आणि मानसस्नानही त्यांतलेच. अशक्ताने डोक्यावरून पाणी घेऊ नये, तेही न झेपले तर ओल्या वस्त्राने अंग पुसावे, अशी मोकळीक आहे. ज्या शास्त्राने अशक्तावर पाण्याचीसुद्धा सक्ती केली नाही, ते दांडा धरायला नको म्हणेल काय?

तेव्हा अडते ते शास्त्रात नव्हे, संकोचात. मिरकरवाड्याच्या बंदरात बघा. ओल्या फळीवर खलाशी दोर धरतो, त्याला कुणी दुबळा म्हणत नाही, जाणता म्हणतात. तोच म्हातारपणी न्हाणीत आधार घ्यायला लाजतो! अहो, साबणाची फरशी त्या फळीहून कमी निसरडी आहे का?

म्हणून बुटका पाट सोडा. गुडघ्याइतकी उंच, पायांना रबर असलेली खुर्ची घ्या. दांडा भिंतीत पक्का बसवा, खाऱ्या हवेत न गंजणारा. नळ हा आधार नव्हे. काठी दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा, तिचे झिजलेले रबर बदला. उंबरा चढताना बळकट पाय आधी, उतरताना दुबळा आधी. कढत पाण्याने उठताना घेरी येते, कोमट घ्या. अंग बसूनच पुसा. आतून कडी लावू नका. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. पासष्टी गाठलेल्या गरजू वृद्धांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी ३००० रुपये देण्याची तीत तरतूद आहे.

‘मी कुणाला ओझे नको’ म्हणून जो एकटा न्हातो, तो पडला की सारे घर त्याच्या खाटेशी बांधले जाते. मग ओझे कुणी वाढवले? आधार मागणे दैन्य नव्हे, विवेक आहे. आणि देणाऱ्यालाही नेम आहे: पाणी घालताना घाई करू नये, म्हाताऱ्याच्या कमरेचा पंचा सुटू देऊ नये, नजर खाली ठेवावी. एकाने संकोच सोडावा, दुसऱ्याने लाज राखावी. असे दोघे भेटले की ते स्नान दोघांनाही शुद्ध करते.