ठिणगी आणि जीभ
ख्रिस्ती विचारात शिवी म्हणजे नुसता असभ्यपणा नव्हे. दहा आज्ञांपैकी एक देवाचे नाव व्यर्थ घेण्यास मनाई करते. नव्या करारातील याकोबाचे पत्र त्याहून खोल जाते. त्याच्या ३ऱ्या अध्यायात जीभ रान पेटवणाऱ्या ठिणगीसारखी आहे. ज्या तोंडाने देवाची स्तुती, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप, हे तिथे अमान्य आहे. म्हणजे माणसाला दिलेली शिवी त्याला घडवणाऱ्यापर्यंत पोचते. हा विचार फार मोलाचा. डोंगरावरील प्रवचनात येशू भावाला मूर्ख म्हणणे खून न करण्याच्या आज्ञेखालीच आणतो. प्रेषित पौल इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात घाणेरडे बोलणे टाळायला सांगतो. फिलिप्पैकरांस लिहिताना मात्र तो ‘कचरा’ किंवा ‘विष्ठा’ असा अर्थ होणारा ग्रीक शब्द स्वतः वापरतो. म्हणूनच काही अभ्यासक खरबरीत शब्द आणि माणसाचा अपमान वेगळे मानतात.