मुंजाच्या खात्यावर रक्त

'मुंज्या' हा सिनेमा आणि 'मानवत मर्डर्स' ही मालिका एकाच वर्षी, 2024 साली आली. तेव्हापासून परभणीचं नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, "तुमच्याकडं मुंजा रक्त मागतो ना?" मोबाइलवरच्या व्हिडिओंत तर मराठवाड्यातला दर पिंपळ नरबळीचा अड्डा होऊन बसलाय. सिनेमा कोकणातला, खून परभणी जिल्ह्यातल्या मानवतचे. पण दोन्हींचं कालवण करून मुंजाला राक्षस ठरवणं सोपं पडतं. मला ही मुंजाची सरळ बदनामी वाटते. (भुताची वकिली करतो म्हणून हसू नका. भूत आहे असं मी म्हणत नाही. ही कल्पना कुणी नासवली, एवढंच विचारतोय.)

गुणाढ्याची पैशाची म्हणजे पिशाचांची भाषा, गीतेतले भूतपूजक, एकनाथांची भारुडं, खुद्द विठोबालाच पंढरीचं भूत म्हणणारे तुकोबा, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. म्हसोबाला कोंबडं-बकरं, साती आसरांना खणनारळ, हेही. भीती वाटली की नैवेद्य, हा व्यवहार जुनाच. त्यावर कुणाचा वाद नाही.

मुंजाची गोष्ट वेगळी. बामणाच्या पोराची मुंज झाली, पण सोडमुंजीआधीच ते गेलं, तर ते पिंपळावर राहतं अशी समजूत. इंग्रज अधिकारी एन्थोव्हेननं 1924 च्या 'फोकलोअर ऑफ बॉम्बे'मध्ये ती नोंदवून ठेवली आहे. मुंजा छळतो, झपाटतो, हेही लोक मानायचेच. पण त्याला द्यायचं काय? त्याचं जे राहून गेलं तेच. बांधावर पिंपळाखाली शेंदूर फासलेला दगड असतो, त्याच्यापुढं दहीभात किंवा गोडाचं पान आणि एखादी लंगोटी. कुठं त्याच्या नावानं मुंज झालेला पोरगा पंगतीला बसवतात. पिंपळाचीच मुंज लावायचीही रीत आहे. या सगळ्या मागण्या एका लहान पोराच्या आहेत. बामणाच्या पोरासमोर रक्त सांडायचं बांधावरच्या कुणब्याच्या स्वप्नातही येणार नाही.

मग मानवतला काय झालं? 1972 च्या नोव्हेंबरात, ऐन दुष्काळात, तिथं खुनांची मालिका सुरू झाली. लहान मुली आणि बायका यांचे मुडदे पडत राहिले, ते थेट जानेवारी 1974 पर्यंत. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या तपासानंतर खटला 1977 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र दुजोरा हवा, हे सांगताना वकील अजूनही त्या निकालाचा आधार घेतात. फिर्यादी पक्षाची मांडणी अशी होती : पिंपळावरचा मुंजा प्रसन्न व्हावा, मूल व्हावं आणि गुप्तधन सापडावं, यासाठी हे खून. लोक यातला मुंजा उचलतात आणि गुप्तधन सोडून देतात. सगळा घोळ इथंच आहे.

गुप्तधनाचं शास्त्र मुळात मुंजाचं नाहीच. त्याचा राखणदार नाग, ते दिसणार पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या माणसाला, ही त्याची जुनी सामग्री. अंधाधुंदीच्या काळात लोक खरोखरच धन पुरून ठेवत. गोदाकाठच्या पांढरीत नांगराला एखादं नाणं लागलं की गावभर वावड्या उठत. हाव जागी झाली की मांत्रिक येतो. त्याला राखणदार दाखवावा लागतो आणि राखणदाराची मागणी जितकी भयंकर, तितका मांत्रिकाचा भाव चढतो. जवळ जो पिंपळ, त्यावरचा मुंजा मग आयताच कामाला लागतो. आपले सुधारक आणि मालिकावाले दोघंही समजतात की जुनं रानटी दैवत शहाणपणाअभावी टिकून राहिलं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आधी होती ती कणव, रक्त नंतर आलं, आणि ते पैशाच्या वाटेनं आलं. मुंजाला राक्षस केलं की त्याच्या आड लपलेला लोभी माणूस सुटतो.

कायदा करणाऱ्यांना हा फरक कळला होता. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू आणि गुप्तधनाच्या शोधासाठी केलेले अघोरी प्रकार व नरबळी यांचा उल्लेख आहे. बांधावरच्या मुंजाला दहीभात दाखवणं त्यात कुठंही नाही.