भरपाई ही कमाई काय?

घोटीस आमचे कीर्तन आटोपले. बुक्का लावून मंडळी पांगू लागली, तेव्हा एक म्हातारी माळकरीण थांबून म्हणाली, "बुवा, जातीच्या वैरापायी जिचा धनी मारला, तिला सरकार पैसे देते. ते मिळाले म्हणून तिचे निराधाराचे पैसे तोडावे का?" आम्हांस चटकन उत्तर देता येईना.

वाचकहो, आधी हिशेब पाहू. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्या नियमांत २०१६ साली सुधारणा झाली. तदनुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा असा खून झाल्यास ८,२५,००० रुपये साहाय्य आणि विधवेस दरमहा मूळ ५,००० रुपये निवृत्तिवेतन. इकडे संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नास २१,००० रुपयांची मर्यादा चालत आली. त्या पाच हजारांस उत्पन्न म्हटले की वर्षाचे साठ हजार झाले, बाई बाहेर!

पण ह्यास उत्पन्न म्हणावे काय? चोराने नेलेले धन राजाने प्रजेस द्यावे, न देईल तर पाप त्याच्या माथी, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. चोरीची गाय दावणीला परत आली, तर तिला कोणी कमाई म्हणतो का हो? इथे तर गेलेला माणूस परतही येत नाही.

कोणी म्हणेल, दरमहा जिला मिळते ती निराधार कशी? शेजारच्या झोपडीत जिला कशाचाच आधार नाही, तिचा घास हिने का घ्यावा? हा आक्षेप खोटा नाही. आमचेही मन क्षणभर डळमळले. परंतु भरपाई हे ऋण आहे, रक्षण करू न शकलेल्या राज्याचे. निराधाराचे अनुदान हे आजच्या गरजेसाठी. एका हाताने ऋण फेडायचे नि दुसऱ्याने अनुदान काढून घ्यायचे, तर ऋण फिटले कोठे? ते तिच्याच पदरातून वळते झाले! शेजारणीचा घास खजिन्यातून यावा, हिच्या ताटातून नव्हे. मजुरी मोजा, शेत मोजा. रक्ताची भरपाई मोजू नका.

अमेरिकेत हाच प्रश्न आला. नाझींच्या छळातून वाचलेल्यांस मिळणारी भरपाई, गरजूंच्या सरकारी मदतीसाठी पात्रता ठरवताना धरू नये, असा कायदा तेथे १९९४ साली झाला.

आपण महाद्वारी चोखोबांच्या समाधीपुढे डोके टेकतो. ज्याला दाराबाहेर ठेवले त्याचे देणे काय असते, हे वारकऱ्यास निराळे सांगावे लागू नये. माउली, तुमच्या प्रश्नास आमचे उत्तर एवढेच: तोडू नये.

रामकृष्णहरि.