विक्रीचा धनी कोण?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७वा श्लोक इतका सर्वपरिचित आहे की, त्याचा अर्थ विचारण्याची आवश्यकताच पुष्कळांस वाटत नाही. कर्म करावे, फळाची आशा धरू नये, एवढे सांगितले की काम भागते. परंतु ज्याचा प्रपंच रोजच्या विक्रीवर चालतो, अशा लहान दुकानदारापुढे हा अर्थ ठेवून पाहावा. येथे बेळ्ळंदूर भागात भोजनालय चालविणाऱ्या, मूळ बेळगावकडील एका गृहस्थांनी मला विचारले, “शास्त्रीबुवा, माझे भाडे तर सकाम आहे, मग मी निष्काम कसा होऊ?” बोलणे विनोदाचे होते, प्रश्न विनोदाचा नव्हता.

बेळ्ळंदूर हे बंगळूरच्या आग्नेयेस मोठ्या तळ्याच्या काठी वसलेले जुने गाव. बाह्य वर्तुळ मार्गावर संगणक कंपन्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या सावलीत चहाच्या टपऱ्या, खानावळी, इस्त्रीवाले, किराणा दुकाने वाढली. या लहान व्यापाऱ्यांच्या नशिबी काय काय आले पाहा. सन २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये तळ्यावर आगी लागून धूर पसरला. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, कचेऱ्यांना कुलपे लागली आणि टाळेबंदी उठल्यावरही तेथील नोकरवर्ग बराच काळ घरूनच काम करीत राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये अतिवृष्टीने तोच मार्ग पाण्याखाली गेला. यांपैकी एकही गोष्ट पोळी कच्ची राहिल्यामुळे किंवा आमटीत मीठ अधिक पडल्यामुळे घडली नव्हती. तथापि, गल्ला रिकामा राहिला की दुकानदार रात्री स्वतःलाच दोष देत जागतो. आपल्या हाती जे नव्हते, त्याचेही कर्तृत्व तो स्वतःकडे घेतो. अहंकार केवळ यशातच असतो असे नाही. अपयशाचाही अहंकार असतो, आणि तो अधिक जाळतो.

आता श्लोकातील शब्दांकडे वळू. भाषांतर करणाऱ्याला विभक्ती आणि वचन यांच्याकडे डोळेझाक करता येत नाही. भगवंतांनी तेथे ‘आशा’ हा शब्द योजलेला नाही, ‘अधिकार’ हा योजला आहे. शिवाय कर्म हा शब्द एकवचनी आहे आणि फळ हा शब्द बहुवचनी. कर्म एक, पण त्याची फळे अनेक, आणि ती कोठे कोठे फुटतील हे कर्त्याला ठाऊक नसते. दुकानदाराने सायंकाळी विक्री व्हावी अशी इच्छा करणे स्वाभाविकच आहे. त्या इच्छेचे रूपांतर हक्कात झाले की गाडे बिघडते.

अठराव्या अध्यायात, १३व्या व १४व्या श्लोकांत, कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करणे आणि विविध चेष्टा ही चार, पाचवे दैव. या पाचव्या कारणाचा अर्थ लोक ललाटरेषा असा करतात. श्रीशंकराचार्य तेथे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता घेतात. श्रीरामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा घेतात. दोन्ही आचार्यांच्या मते कर्त्याच्या बाहेरची एक सत्ता कर्मात सहभागी असते. मला येथे दुकानदारासाठी एक गोष्ट जोडावीशी वाटते. स्वयंपाक हे त्याचे कर्म खरे. विक्री हे मात्र केवळ त्याचे कर्म नव्हे. तेथे दुसरा कर्ता आहे, तो म्हणजे गिऱ्हाईक. त्यालाही त्याची भूक, त्याचे पैसे, त्याची आवड, त्याचे दैव आहे. माल मांडणे आपले, घेणे त्याचे. म्हणून ‘विक्री माझ्या ताब्यात असली पाहिजे’ असा आग्रह नीट उकलून पाहिला, तर तो ‘दुसऱ्याची इच्छा माझ्या ताब्यात असली पाहिजे’ असा निघतो. वजनात मारणे, भेसळ, खोटी स्तुती, मोबाइलवरील खोटे अभिप्राय, या साऱ्यांचा उगम येथेच आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या घोर तपस्व्याला धर्म शिकण्यासाठी वाराणसीच्या तुलाधाराकडे जावे लागले. तुलाधार गंध, रस, मुळे विकणारा साधा वाणी होता, आणि त्याचा तराजू सर्वांस सारखा होता. विक्री आपल्या हाती नाही हे ज्याने मानले, त्यालाच असा तराजू धरणे सोपे जाते.

आपल्या मराठी मुलखातच याचे एक उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात प्रथम सायकलींचे दुकान काढले, नंतर कडबा कापण्याची यंत्रे केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी त्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागल्याचे सांगतात. त्या दोन वर्षांत शेतकऱ्याचे मन लक्ष्मणरावांच्या मालकीचे नव्हते. नांगराचा फाळ मात्र होता. पुढे नगरपालिकेच्या वस्तीवाढीमुळे त्यांना बेळगावातील जागाही सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी जमीन आणि साहाय्य दिले व १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसली. म्हणून धीर धरणाऱ्या प्रत्येकास औंधचे राजे भेटतातच, असे कोणी समजू नये. ज्यांना ते भेटले नाहीत, अशांची नावे इतिहासात येत नाहीत, एवढेच. उदाहरण घ्यावयाचे ते त्या दोन वर्षांचे, किर्लोस्करवाडीचे नव्हे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. फळाकडे पाहावयाचेच नाही, तर हिशेब तरी कशाला ठेवावा? याचे उत्तर गीताच देते. अठराव्या अध्यायाच्या २५व्या श्लोकात पुढील परिणाम, होणारी हानी, इतरांस होणारी पीडा आणि स्वतःची शक्ती यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेल्या कर्मास तामस म्हटले आहे. म्हणजे वही न पाहणारा दुकानदार निष्काम नव्हे, तो तामस होय. भाडे परवडेल काय, उधारी किती साचली, वर्तुळ मार्गावरील कचेऱ्या रिकाम्या असताना पन्नास पाने वाढण्याऐवजी वीसच वाढावीत काय, हे पाहणे कर्माच्याच पोटात येते. त्याच्या पुढच्याच श्लोकातील सात्त्विक कर्त्याजवळ सिद्धी-असिद्धीविषयी समत्व आहे, आणि धैर्याबरोबर उत्साहही आहे. उत्साह गळालेल्या समतेला गीता ओळखत नाही.

मग त्या गृहस्थांच्या भाड्याचे काय? भाडे थकले तर घरमालकास वेळीच सांगणे आपल्या अधिकारात आहे; त्याने मुदत द्यावी, हे नाही. आणि सर्व करूनही वही जुळली नाही, तर दुकान बंद करणे हेही कर्मच आहे, आणि तेही नीटपणे करता येते. पोळ्या लाटणाऱ्या बाईंचा पगार, भाजीवाल्याची बाकी, वाण्याचा हिशेब ही आपली फळे नव्हेत, ती त्यांची आहेत. त्यांचा त्याग करण्याचा आपल्याला अधिकार नाही. तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती. सन १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात त्यांचा व्यवहार बुडाला. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, हे सर्वांच्या स्मरणात असते. परंतु परंपरा आणखी एक गोष्ट सांगते, ती सहसा कोणी सांगत नाही. धाकटे बंधू कान्होबा यांचा संसार वेगळा चालावयाचा होता. म्हणून तुकोबांनी आधी खतांचे दोन भाग केले, कान्होबांचा अर्धा भाग त्यांच्या हाती दिला, आणि मग आपला तेवढा घेऊन ते नदीकडे गेले.